ग्राफाइट आणि ग्राफीन बॅटरी क्षेत्रातील लहान कंपन्या: पहिला समभाग घेण्यापूर्वी काय तपासावे

ज्या कंपनीच्या नावात ग्राफीन हा शब्द आहे तिच्याकडे विकण्याजोगी बॅटरी असेलच असे नाही, आणि जिच्या मालकीची ग्राफाइटची खाण आहे तिचा माल बॅटरीत जाईलच असेही नाही. या क्षेत्रात नव्याने आलेल्या गुंतवणूकदाराची बहुतेक फसगत या दोन गृहीतकांतून होते. मी या क्षेत्रात घेतलेला पहिला समभाग अशाच एका कंपनीचा होता. तिच्या सादरीकरणाच्या पहिल्या पानावर विजेवर चालणारी मोटार होती आणि ताळेबंदात जेमतेम दोन तिमाहींना पुरेल एवढी रोकड होती. मी पहिले पान तेवढे वाचले होते. त्यानंतर ज्या क्रमाने मी अशा कंपन्यांची कागदपत्रे वाचू लागलो, तोच क्रम पुढे पायऱ्यांच्या रूपाने मांडला आहे. लेखात आलेली कंपन्यांची नावे मुद्दा स्पष्ट करण्यासाठी आहेत. त्यांचे समभाग घ्यावेत किंवा घेऊ नयेत, असे त्यातून सुचवायचे नाही.

पायरी १ : ग्राफाइट, ग्राफीन आणि ‘ग्राफीन बॅटरी’ यांतील फरक समजून घ्या

कार्बन अणूंच्या षट्कोनी जाळीचे थर एकावर एक रचले की ग्राफाइट होते. दोन थरांमधील अंतर सुमारे ०.३३५ नॅनोमीटर असल्यामुळे १ मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये सुमारे ३० लाख थर बसतात, आणि त्यांतील एकच सुटा थर म्हणजे ग्राफीन. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये साध्या चिकटपट्टीच्या साहाय्याने तो वेगळा केला, आणि त्या संशोधनासाठी त्यांना २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बॅटरीत आज मोठ्या प्रमाणावर वापरले जाते ते ग्राफाइट. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि गेली तीन दशके या बॅटरीच्या ॲनोडमध्ये, म्हणजे ऋण बाजूस, प्रामुख्याने ग्राफाइटच वापरले जात आहे. चार्जिंग होत असताना लिथियमचे आयन त्याच्या थरांमध्ये जाऊन बसतात, सहा कार्बन अणूंमागे एक या प्रमाणात, आणि त्यावरून ग्राफाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिॲम्पिअर-तास इतकी ठरते. कॅथोडमध्ये, म्हणजे धन बाजूस, निकेल असो वा लोह-फॉस्फेट, ॲनोडला बहुधा ग्राफाइटच लागते. ढोबळ मानाने प्रत्येक किलोवॉट-तासामागे सुमारे १ किलो. ६० किलोवॉट-तासांची बॅटरी असलेल्या मोटारीत त्यामुळे ६० किलोच्या आसपास ग्राफाइट असते. ग्राफाइटच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे, आणि तो खरा आहे.

ग्राफीनचे तसे नाही. एक ग्रॅम ग्राफीनचे सैद्धांतिक पृष्ठफळ सुमारे २,६३० चौरस मीटर असते, आणि प्रचारपत्रकांत हा आकडा गुण म्हणून छापला जातो. ॲनोडच्या दृष्टीने मात्र तो अडचणीचा आहे. पहिल्या चार्जिंगच्या वेळी इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या द्रवाचे, विघटन होऊन ॲनोडच्या पृष्ठभागावर एक पातळ थर तयार होतो आणि त्यात काही लिथियम कायमचे अडकते; पृष्ठफळ जितके मोठे, तितके हे नुकसान जास्त. म्हणून आजच्या व्यवहारात ग्राफीन बहुतांशी पूरक द्रव्य म्हणून येते: विद्युतवाहकता वाढवण्यासाठी इलेक्ट्रोडमध्ये (ॲनोड किंवा कॅथोडमध्ये) थोडेसे मिसळायला, किंवा सिलिकॉनच्या कणांना आधार द्यायला. पहिल्या कामात त्याची स्पर्धा कार्बन ब्लॅक (काजळीसारखी कार्बनची पूड) आणि कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) यांच्याशी आहे, आणि कार्बन ब्लॅक फार स्वस्त आहे. ‘ग्राफीन बॅटरी’ म्हणून विकली जाणारी वस्तू त्यामुळे अनेकदा किंचित ग्राफीन घातलेली लिथियम-आयन बॅटरीच असते; शिसे-आम्ल बॅटऱ्यांनाही हे नाव लावून विकणारे आहेत. काही कंपन्या खरोखरच निराळ्या रसायनावर काम करतात, उदाहरणार्थ ग्राफीन मॅन्युफॅक्चरिंग ग्रुप ही ब्रिस्बेनची कंपनी क्वीन्सलँड विद्यापीठाच्या साथीने ग्राफीन-ॲल्युमिनियम-आयन बॅटरीवर. पण नवे रसायन म्हटले की बाजारापर्यंतचे अंतर वाढते, हे गृहीत धरावे.

कंपनीच्या गुंतवणूकदार संपर्क विभागाला एक ईमेल पाठवून तीन गोष्टी विचाराव्यात: बॅटरीत ग्राफीन वजनाने किती टक्के आहे, ते नेमक्या कोणत्या भागात आहे, आणि ते काढून टाकले तर बॅटरीचे काय बिघडते. उत्तर आले नाही, किंवा उत्तरात फक्त ‘क्रांतिकारी’ असे शब्द आले, तर तीही माहितीच समजावी.

ग्राफीन विकणाऱ्या कंपन्यांबाबत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार दहापर्यंत थर असलेल्या पदार्थाला ‘काही थरांचे ग्राफीन’ म्हणता येते. त्यापुढे ते बारीक केलेले ग्राफाइट होय. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये जगभरातील ६० उत्पादकांचे नमुने तपासले गेले, तेव्हा बहुसंख्य नमुन्यांत खऱ्या ग्राफीनचे प्रमाण १०% पेक्षा कमी आढळले. तेव्हा थरसंख्येचे वितरण त्रयस्थ प्रयोगशाळेकडून मोजून घेतलेले आहे का, हे पाहिल्याशिवाय ‘टनावारी ग्राफीन क्षमता’ या शब्दांना किंमत देऊ नये.

पायरी २ : खडकापासून सेलपर्यंतच्या वाटेवर कंपनी कुठे उभी आहे, ते ठरवा

खाणीतून काढलेले नैसर्गिक ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते. ते दळून व तरंगवून साधारण ९५% शुद्धतेपर्यंत आणले जाते. इथपर्यंतचा माल अग्निरोधक विटांना, वंगणाला चालतो; बॅटरीला चालत नाही. बॅटरीसाठी हे पापुद्रे आणखी बारीक करून गोलसर आकाराचे करावे लागतात, ९९.९५% च्या आसपास शुद्ध करावे लागतात आणि त्यांवर कार्बनचे पातळ आवरण चढवावे लागते. गोलाकार करताना पारंपरिक पद्धतीत निम्म्याहून अधिक माल भुकटी होऊन बाजूला पडतो, त्यामुळे १ टन गोल ग्राफाइटसाठी दोन ते तीन टन पापुद्री ग्राफाइट लागते. शुद्धीकरणासाठी दीर्घकाळ हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरले गेले आहे. ते अतिशय घातक असल्यामुळे अनेक नव्या कंपन्या उच्च तापमानाच्या किंवा अन्य रासायनिक पद्धती वापरू पाहतात, आणि तिथे त्यांचा खर्च बदलतो. प्रकल्प परवडेल का हे मांडणाऱ्या कंपनीच्या अभ्यास अहवालात उरलेली भुकटी कोणत्या दराने विकली जाईल असे धरले आहे, हे जरूर पाहावे; कागदावरचा नफा बऱ्याचदा या एका गृहीतकावर उभा असतो.

दुसरी वाट कृत्रिम ग्राफाइटची. नीडल कोकसारखा खनिज तेलापासून मिळणारा कोक सुमारे ३,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्याचे ग्राफाइट होते. येथे खाण लागत नाही, पण वीज प्रचंड लागते, त्यामुळे अशा कंपनीचा विचार करताना विजेचा दर आणि भट्टीची रचना हेच मुख्य विषय ठरतात. ॲनोडमध्ये आज कृत्रिम ग्राफाइटचाच वाटा मोठा आहे, ही गोष्ट खाण कंपन्यांच्या सादरीकरणांत फारशी ठळकपणे येत नाही.

दोन्ही वाटांवर चीनचे वर्चस्व आहे. नैसर्गिक ग्राफाइटच्या जागतिक उत्पादनाचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा त्या देशाचा आहे आणि बॅटरीयोग्य ग्राफाइटच्या प्रक्रियेत तो ९०% हून अधिक आहे. चीनने २० ऑक्टोबर २०२३ रोजी काही ग्राफाइट उत्पादनांच्या निर्यातीसाठी परवाने सक्तीचे केल्याची घोषणा केली आणि १ डिसेंबर २०२३ पासून ती अंमलात आली. अशी बातमी आली की चीनबाहेरील लहान कंपन्यांचे समभाग उसळी घेतात, आणि नवखा गुंतवणूकदार नेमका त्याच दिवशी आत शिरतो. परंतु चीनमधील उत्पादनक्षमता मागणीपेक्षा इतकी अधिक आहे की २०२३ आणि २०२४ मध्ये ग्राफाइटचे दर घसरले. म्हणजे पुरवठ्याची भीती आणि पडते दर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदत होत्या. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये चिनी ॲनोड ग्राफाइटवर ९३.५% प्राथमिक डंपिंगविरोधी शुल्क, म्हणजे अवाजवी स्वस्त दराने होणाऱ्या आयातीवरचा जादा कर, जाहीर केले. एखाद्या कंपनीचा नफा अशा शुल्कावर किंवा अनुदानावर अवलंबून असेल, तर धोरण बदलल्यास काय होईल याचे वेगळे गणित मांडावे.

याच ठिकाणी एक गल्लत टाळावी. पोलाद वितळवणाऱ्या विद्युत भट्ट्यांसाठी ग्राफाइट इलेक्ट्रोड बनवणाऱ्या कंपन्या हा निराळा व्यवसाय आहे. त्यांची कमाई पोलादाच्या चक्राबरोबर वरखाली होते, आणि त्यांच्यापैकी एखादीने ॲनोडचा प्रकल्प जाहीर केला म्हणून ती बॅटरी कंपनी होत नाही.

पायरी ३ : साठ्याचा अहवाल वाचा

खाण कंपन्यांची खनिजविषयक माहिती ठराविक संहितेनुसार द्यावी लागते: ऑस्ट्रेलियात ‘जॉर्क’, कॅनडात ‘एनआय ४३-१०१’, अमेरिकेत ‘एस-के १३००’. कॅनडातील नियम अधिक कडक होण्यामागे ब्री-एक्स या कॅनडाच्या खाण कंपनीचे प्रकरण होते. इंडोनेशियातील बुसांग येथील नमुन्यांत सोने मिसळून उभी केलेली ती बनावट १९९७ मध्ये उघडकीस आली. संहितेत ‘अनुमानित’, ‘निर्देशित’ आणि ‘मोजलेले’ असे संसाधनांचे चढते स्तर असतात. आर्थिक व तांत्रिक कसोट्या लावल्यानंतर जे खोदण्याजोगे ठरते त्यालाच ‘राखीव साठा’ म्हणतात. केवळ अनुमानित संसाधनावर आधारलेला प्राथमिक अभ्यास हा अंदाज असतो, योजना नसते.

ग्राफाइटच्या बाबतीत टक्केवारीपेक्षाही पापुद्र्यांच्या आकाराचे वितरण आणि शुद्धीकरणाच्या चाचण्यांचे निकाल महत्त्वाचे ठरतात. ग्राफाइट पृथ्वीवर दुर्मीळ नाही. मोठा साठा असणे ही येथे विशेष गोष्ट नसून, तो परवडणाऱ्या खर्चात बॅटरीयोग्य करता येणे ही विशेष गोष्ट आहे.

पायरी ४ : करारातील शब्द तपासा

सर्वांत अधिक वेळ येथे द्यावा. बॅटरी उत्पादक नवे ॲनोड द्रव्य विकत घेण्यापूर्वी त्याची दीर्घ तपासणी करतात. आधी काही ग्रॅमचे नमुने, मग किलोंमध्ये, मग टनांमध्ये. आणि शेवटचे नमुने प्रायोगिक नव्हे तर प्रत्यक्ष उत्पादन होणार असलेल्या कारखान्यातूनच आलेले असावे लागतात. सेल शेकडो किंवा हजारो वेळा चार्ज-डिस्चार्ज करून पाहायचे असल्यामुळे ही तपासणी लवकर उरकता येत नाही, आणि एकूण प्रक्रियेला दोन-तीन वर्षे सहज लागतात. कारखान्यातील एखादी भट्टी बदलली तरी काही टप्पे पुन्हा करावे लागू शकतात.

म्हणून घोषणा वाचताना तिची पायरी ओळखावी. ‘सामंजस्य करार’ बहुधा कोणालाच बांधील नसतो. ‘नमुने पाठवले’ याचा अर्थ टपालखर्च झाला, एवढाच. बंधनकारक खरेदी करारातही प्रमाण, किंमत ठरवण्याचे सूत्र आणि अटी असतात, आणि मान्यता ठराविक तारखेपर्यंत न मिळाल्यास तो मोडण्याचा हक्क खरेदीदार अनेकदा राखून ठेवतो.

सिराह रिसोर्सेसचे उदाहरण बोलके आहे. मोझांबिकमधील बालामा येथे या कंपनीची जगातील सर्वांत मोठ्या ग्राफाइट खाणींपैकी एक आहे, आणि अमेरिकेतील लुईझियाना राज्यात व्हिडालिया येथे प्रक्रिया कारखाना आहे. त्या कारखान्यासाठी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०२२ मध्ये १०.२ कोटी डॉलरचे कर्ज दिले, आणि टेस्लाबरोबर कंपनीचा खरेदी करार २०२१ च्या अखेरीसच झाला होता. खाण, कारखाना, सरकारी कर्ज आणि नामांकित ग्राहक असे सर्व काही हाताशी होते. तरीही बालामा येथील आंदोलनांमुळे आणि देशातील अशांततेमुळे डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीला पुरवठ्याच्या बांधिलकीतून सूट मिळवण्यासाठी अनिवार्य परिस्थिती जाहीर करावी लागली. आणि २०२५ मध्ये, अपेक्षित दर्जाचे नमुने मिळाले नाहीत असे सांगत टेस्लाने कराराचा भंग झाल्याची नोटीस दिली. मान्यतेचा प्रश्न करार झाल्यानंतरही चार वर्षे जिवंत राहू शकतो, हे यावरून दिसते.

सरकारी कर्जाच्या बाबतीतही हेच. नोव्होनिक्स या कृत्रिम ग्राफाइट बनवणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये ७५.५ कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाचे वचन दिले, परंतु ते सशर्त होते. सशर्त वचन आणि प्रत्यक्ष हातात पडलेला पैसा यांत अनेक अटींचे अंतर असते. ताळेबंदात येते ती फक्त दुसरी गोष्ट.

पायरी ५ : रोकड किती तिमाही पुरेल, ते काढा

मी या क्षेत्रातील कोणत्याही लहान कंपनीच्या कागदपत्रांतून प्रथम दोनच आकडे शोधतो: हातातील रोकड किती तिमाही पुरेल, आणि ग्राहकाची मान्यता मिळायला आणखी किती तिमाही लागतील. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असतोच. तो किती मोठा आहे, त्यावर तुमच्या समभागाचे भवितव्य ठरते.

समजा, एका कंपनीकडे १.२ कोटी डॉलर रोकड आहे आणि दर तिमाहीचा खर्च ४० लाख डॉलर आहे. म्हणजे तीन तिमाहींची सोय झाली. मान्यतेला दहा तिमाही लागणार असतील, तर उरलेल्या सात तिमाहींसाठी २.८ कोटी डॉलर बाहेरून आणावे लागतील. कंपनीचे १० कोटी समभाग आहेत आणि भाव २० सेंट आहे, असे धरले तर त्याच भावाने १४ कोटी नवे समभाग द्यावे लागतील. एकूण समभाग २४ कोटी होतील आणि ज्याचा हिस्सा १% होता त्याचा ०.४२% उरेल. प्रत्यक्षात नवे समभाग चालू भावापेक्षा कमी दराने, शिवाय सोबत वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे आणखी समभाग घेण्याचा हक्क) देऊन विकले जातात, म्हणून चित्र याहून वाईट असते. आणि यात कारखाना बांधण्याचा खर्च धरलेलाच नाही. तंत्रज्ञान यशस्वी झाले, कंपनीचे एकूण मूल्य दुप्पट झाले आणि जुना भागधारक तरीही तोट्यात राहिला, असे घडते ते याच वाटेने.

हे आकडे शोधणे कठीण नाही. ऑस्ट्रेलियात सूचीबद्ध असलेल्या खनिज शोध कंपन्या दर तिमाहीला ‘अपेंडिक्स ५बी’ नावाचे रोखप्रवाह विवरण देतात आणि त्यात उरलेली रोकड किती तिमाही पुरेल हे स्वतःच लिहावे लागते. कॅनडातील कंपन्यांची कागदपत्रे ‘सेडार प्लस’वर आणि अमेरिकेतील ‘एडगर’वर विनामूल्य मिळतात. लेखापरीक्षकांच्या टिपणीत कंपनी व्यवसाय चालू ठेवू शकेल का याविषयी शंका नोंदवलेली आहे का, ते पाहावे. गेल्या पाच वर्षांत समभागांची संख्या किती पटींनी वाढली ते मांडावे. समभागांचे एकत्रीकरण झाले असेल, म्हणजे अनेक जुन्या समभागांचा मिळून एक केला असेल, तर जुने आकडे त्या प्रमाणात सुधारून घ्यावेत. संचालकांचे वेतन आणि संशोधनावरील खर्च यांची तुलनाही करून पाहावी. प्रसिद्धीवरील खर्च संशोधनापेक्षा जास्त दिसला, तर मी पुढची पाने वाचत नाही.

पायरी ६ : ग्राफाइटलाच पर्याय कोणते, तेही पाहा

सोडियम-आयन बॅटरीत ग्राफाइटऐवजी ‘हार्ड कार्बन’, म्हणजे अव्यवस्थित रचनेचा कार्बन, वापरतात, कारण सोडियम ग्राफाइटच्या थरांत नीट बसत नाही. लिथियम धातूचा ॲनोड असलेल्या घन-अवस्था (द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइटच्या) बॅटरीत ग्राफाइट लागतच नाही. सिलिकॉनची क्षमता ग्राफाइटच्या जवळजवळ दहापट आहे, पण चार्ज होताना ते सुमारे तिप्पट-चौपट फुगते, म्हणून आज ते बहुधा ग्राफाइटमध्ये मिसळूनच वापरले जाते. यांपैकी काहीही उद्या सकाळी ग्राफाइटला हटवणार नाही. मात्र ज्या कंपनीचा कारखाना पाच वर्षांनी सुरू होणार आहे, तिने पाच वर्षांनंतरच्या बाजाराचा विचार केलेला असावा.

किमतीबाबत एक अडचण आहे. तांब्याचा भाव जसा लंडनच्या धातू बाजारात रोज जाहीर होतो, तसा बॅटरीयोग्य ग्राफाइटचा होत नाही. व्यवहार खासगी करारांनी होतात. त्यामुळे कंपनीने अहवालात धरलेला विक्रीदर कोठून आला, हे विचारणे अत्यावश्यक आहे. तो दर २०% किंवा ३०% खाली धरून प्रकल्प तगतो का, याचा तक्ता बहुतेक अभ्यास अहवालांत असतोच. तो शेवटी, बारीक अक्षरांत असतो.

पायरी ७ : खरेदी

या कंपन्यांत तेवढेच पैसे घालावेत जे पूर्ण बुडाले तरी घरखर्च, कर्जाचे हप्ते किंवा मुलांचे शिक्षण अडणार नाही. एका कंपनीऐवजी वाटेवरील वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या तीन-चार कंपन्या निवडाव्यात: एखादी उत्पादन सुरू असलेली, एखादी कृत्रिम ग्राफाइटची, आणि ग्राफीनचा मोह आवरत नसेलच तर एखादी अशी, जिची ग्राफीनची विक्री बॅटरीखेरीज अन्य उद्योगांत, उदाहरणार्थ प्लास्टिक किंवा रंगांत, आज प्रत्यक्ष होत आहे. परदेशी बाजारातील समभाग घेताना चलनाचा दर, दलाली आणि कर यांचा हिशेब आधी करावा.

लहान समभागांची दैनंदिन उलाढाल कमी असते आणि खरेदी-विक्रीच्या दरांत मोठी तफावत असते. बाजारभावाने ऑर्डर टाकल्यास अपेक्षेपेक्षा बऱ्याच चढ्या दराने खरेदी होऊ शकते, म्हणून मर्यादित दराची ऑर्डरच, म्हणजे जास्तीत जास्त किती भाव द्यायचा ते ठरवून दिलेली, वापरावी. संपूर्ण रक्कम एकदम गुंतवू नये. तिचे भाग पाडून ते भावाशी नव्हे तर घटनांशी बांधावेत. पहिला भाग कागदपत्रे पटल्यावर, दुसरा ग्राहकाच्या टनांमधील नमुन्यांना मान्यता मिळाल्यावर, तिसरा कारखान्याच्या निधीची पूर्तता झाल्यावर. भांडवल उभारणीच्या ठीक आधी घेण्यापेक्षा ती जाहीर झाल्यावर घेतलेला समभाग बहुधा स्वस्त पडतो, आणि पाचव्या पायरीतील गणित केलेले असेल तर ती उभारणी साधारण केव्हा येणार हेही आधीच कळते.

प्रत्येक कंपनीसाठी वहीचे एक पान ठेवावे. त्यावर खरेदीच्या दिवशीच विक्रीच्या अटी लिहाव्यात: मान्यतेची जाहीर केलेली तारीख दोनदा पुढे गेली तर, मुख्य तांत्रिक अधिकारी कारण न देता पायउतार झाला तर, कंपनीने अचानक व्यवसायाचा विषयच बदलला तर. त्याखाली दर तिमाहीला तारीख, उरलेली रोकड, समभागांची एकूण संख्या आणि अद्याप न वापरलेले वॉरंट व त्यांची मुदत एवढ्या चारच नोंदी कराव्यात. चार तिमाहींनंतर त्या ओळी एकाखाली एक वाचल्या की कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकांत न आलेल्या बऱ्याच गोष्टी त्यांतून दिसू लागतात.